घराची हवाबंदी चाचणी: इंग्लंडच्या नियमांतल्या संज्ञा कशा वाचायच्या

इंग्लंडमध्ये नवं घर बांधून होत आलं की टेस्टर येतो. पुढच्या दाराच्या चौकटीत तो ताणलेलं कापड आणि पंखा बसवतो, खिडक्या लावून घेतो आणि घरातली हवा बाहेर खेचायला लागतो. थोड्या वेळाने त्याच्या हातात एक आकडा असतो, समजा ४.०. हाच आकडा प्रमाणपत्रावर चढतो, घराच्या ऊर्जेच्या हिशेबात जातो, आणि तो बसला नाही तर बिल्डिंग कंट्रोलचा, म्हणजे बांधकाम नियमांत बसतं का हे तपासणाऱ्या यंत्रणेचा, शेवटचा दाखला अडकून पडतो.

पुण्याहून किंवा नागपूरहून सिव्हिल, मेकॅनिकल करून इकडे एनर्जी असेसर, साइट इंजिनीअर किंवा टेस्टरचा मदतनीस म्हणून नुकते रुजू झालेल्यांसाठी हे लिहितो आहे. नवं घर घेणाऱ्यालाही यातलं बरंच उपयोगी पडेल. यंत्र चालवणं अवघड नाही, ते लवकर अंगवळणी पडतं. माणूस अडतो तो व्याख्यांवर. ४.० हा भागाकार आहे: वर मोजलेली हवा, खाली कसलं तरी माप, आणि दोन्ही कोणत्या तरी ठरलेल्या दाबाला. या तिन्ही गोष्टी नियमांनी व्याख्येत बांधून टाकल्या आहेत. त्या व्याख्या कळल्या नाहीत, तर ४.० चांगला की वाईट हे सांगताच येत नाही.

पायरी १: हातातला कागद कोणता ते आधी बघा

बिल्डिंग रेग्युलेशन्स २०१० मधला नियम ४३ दाबचाचणी बंधनकारक करतो. किती गळती चालेल हे अप्रूव्ह्ड डॉक्युमेंट एल, खंड १ मध्ये आहे. त्याची २०२१ ची आवृत्ती १५ जून २०२२ पासून लागू झाली. चाचणी कशी घ्यायची ते सिब्सी या इमारत-सेवा अभियंत्यांच्या संस्थेच्या टीएम २३ या पुस्तिकेत आहे, आणि त्याच्या मुळाशी आयएसओ ९९७२ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. घरात ताजी हवा किती हवी हे वेगळ्या पुस्तिकेत, डॉक्युमेंट एफमध्ये. स्कॉटलंड आणि वेल्सचे नियम त्यांचे त्यांचे आहेत. तिथलं काम हाती आलं तर इंग्लंडचे आकडे तसेच उचलू नका.

डॉक्युमेंट एलच्या शेवटी संज्ञांचं परिशिष्ट आहे. वाचायला सुरुवात तिथूनच करा. बहुतेक जण तक्त्यातला मर्यादेचा आकडा बघतात आणि पुस्तिका मिटतात. पण त्या आकड्याला अर्थ येतो तो या परिशिष्टामुळे.

जुन्या घरांची कागदपत्रं हाताळताना एक लक्षात असू द्या. नव्या घरांची चाचणी २००६ च्या नियमांनी आली, पण तेव्हा ती नमुन्यादाखल होती. एका प्रकारची बरीच घरं असली तर त्यातली काहीच तपासली जायची. २०१० नंतरच्या नियमांत न तपासलेल्या घराला त्याच प्रकारच्या तपासलेल्या घरांची सरासरी घेऊन त्यात २ मिळवलेला आकडा लावत. म्हणजे २०१५ च्या घराच्या हिशेबात जो आकडा दिसतो, तो त्या घरात मोजलेला असेलच असं नाही. आता प्रत्येक घर तपासावं लागतं, आणि ही सुधारणा मला मनापासून पटते. शेजारच्या घराचा प्लास्टर करणारा चांगला होता, म्हणून आपल्या घराच्या भेगा बुजत नाहीत.

पायरी २: हवेच्या तीन वाटा वेगळ्या करा

नियमांत हवेसाठी तीन वेगळे शब्द येतात आणि नवखा माणूस ते एकमेकांच्या जागी वापरतो.

व्हेंटिलेशन म्हणजे आपण ठरवून आत-बाहेर केलेली हवा: खिडकीच्या वरच्या पट्टीतली ट्रिकल व्हेंट, बाथरूमचा एक्झॉस्ट, किंवा आतल्या हवेची उष्णता परत मिळवणारी यांत्रिक यंत्रणा. इन्फिल्ट्रेशन म्हणजे वारा आणि तापमानातला फरक यांच्यामुळे भेगांतून आपोआप शिरणारी हवा. ती रोज बदलते, थंडीच्या वादळी रात्री सगळ्यात जास्त असते. आणि एअर लीकेज, म्हणजे गळती, ही चाचणीत पंख्याने ठरावीक दाब लावल्यावर त्याच भेगांतून मोजलेली हवा. इन्फिल्ट्रेशन थेट मोजणं कठीण, म्हणून आपण गळती मोजतो आणि तिच्यावरून इन्फिल्ट्रेशनचा अंदाज बांधतो.

डॉक्युमेंट एल एअरटाइटनेसची जी व्याख्या देतं, तिचा सारांश असा: व्हेंटिलेटर बंद असताना घराचं कवच इन्फिल्ट्रेशनला किती विरोध करतं. त्यातलं ‘व्हेंटिलेटर बंद असताना’ हे अधोरेखित करून ठेवा. ट्रिकल व्हेंटमधून येणारी हवा हा घराचा दोष नाही, ती यायलाच हवी. चाचणी शोधते ती न मागता येणारी हवा.

आपल्याकडून शिकून आलेल्यांना इथे थोडं उलटं वाटतं. भारताच्या इको निवास संहितेचा २०१८ चा पहिला भाग घरात उघडता येणारी जागा किमान किती हवी ते सांगतो. मुंबईसारख्या उष्ण-दमट हवामानात ती चटईक्षेत्राच्या १६.६६ टक्के. तिथे वारा खेळता ठेवणं हे उद्दिष्ट आहे आणि तिथल्या हवेला तेच योग्य. इथे वर्षातले कितीतरी महिने हीटिंग चालतं, आणि भेगेतून बाहेर जाणारी प्रत्येक घनमीटर हवा तापवलेली असते.

पायरी ३: कवच कुठून कुठपर्यंत, ते कागदावर आखा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे वेळ काढा.

इंग्लंडमध्ये आकडा एअर परमिएबिलिटीत मागतात: ५० पास्कल दाबफरकाला दर तासाला किती घनमीटर हवा गळते, भागिले कवचाचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये. हे क्षेत्रफळ म्हणजे एन्व्हलप एरिया. ज्या आतल्या पोकळीची चाचणी करायची तिला वेढणाऱ्या सगळ्या जमिनी, भिंती आणि छतं यांची ती बेरीज. जमिनीखालच्या भिंती आणि फरशीही त्यात धरायच्या. मापं आतून आतपर्यंत घ्यायची, आणि आतल्या भिंती किंवा मधला मजला बाहेरच्या भिंतीला जिथे भिडतो ती जागा वजा करायची नाही.

ओळीतलं एक मधलं घर घ्या, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामायिक असलेलं. आतून ६ मीटर रुंद, ९ मीटर खोल, दोन मजले. प्रत्येक मजल्याची उंची २.४ मीटर, मधल्या मजल्याची जाडी ०.२ मीटर.

तळाची फरशी ५४ चौरस मीटर. वरचं छत ५४. भिंतींचा परीघ ३० मीटर, उंची २.४ + ०.२ + २.४ म्हणजे ५.० मीटर, भिंती १५०. एकूण २५८ चौरस मीटर. पंख्याने ५० पास्कलला तासाला १,०३२ घनमीटर हवा मोजली, तर १,०३२ भागिले २५८, म्हणजे ४.०.

मधल्या मजल्याची जाडी विसरलात तर भिंतींची उंची ४.८ मीटर होते, क्षेत्रफळ २५२, आणि तेच घर ४.१ दाखवतं. फरक छोटा दिसतो, पण उद्दिष्टाच्या काठावर असलेलं घर एवढ्याने नापास होतं.

मोठी चूक वेगळीच. शेजाऱ्याची भिंत ‘बाहेरची’ नाही असं समजून सामायिक भिंती गाळल्या, तर ९० चौरस मीटर कमी होतात, क्षेत्रफळ १६८ उरतं आणि आकडा ६.१ वर जातो. व्याख्या सामायिक भिंती स्पष्टपणे आत धरते. फ्लॅटमध्ये तर वरच्या शेजाऱ्याची जमीन, खालच्याचं छत आणि बाजूच्या भिंती हे सगळं कवचात येतं. त्याच ६ बाय ९ चा, २.४ मीटर उंचीचा फ्लॅट घ्या: ५४ + ५४ + ७२, म्हणजे १८० चौरस मीटर. गळती ७२० घनमीटर असली की आकडा पुन्हा ४.०. कोपऱ्यातल्या त्या फ्लॅटच्या दोनच भिंती बाहेरच्या धरल्या, ३६ चौरस मीटर, तर हीच गळती २० दाखवेल.

व्याख्या अशी का केली याला कारण आहे. पंखा हवा खेचतो तेव्हा ती कुठून आली हे त्याला कळत नाही. शेजारच्या फ्लॅटमधून पाइपाच्या पोकळीतून आलेली हवाही मोजली जाते. वरच्या आकड्यात शेजारून आलेली हवा धरायची, तर खालीही शेजाऱ्याला लागलेलं क्षेत्रफळ धरलं पाहिजे. किती हवा खरोखर बाहेरून आली हे हवं असेल तर शेजारच्या घरांतही पंखे लावून दाब सारखा ठेवावा लागतो. ती वेगळी, खर्चिक चाचणी आहे आणि नियम ती मागत नाही.

म्हणून मापं घ्यायला लागण्याआधी नकाशाच्या छेदावर रंगीत पेनाने हवा अडवणारी रेघ काढा. ती कुठेही तुटता कामा नये. लॉफ्टच्या झाकणापाशी, गॅरेजच्या दारापाशी, जिन्याखालच्या कपाटापाशी ती कुठून जाते ते नक्की करा. बहुतेक घरांत इन्सुलेशन लॉफ्टच्या जमिनीवर असतं, म्हणजे लॉफ्ट कवचाबाहेर. इन्सुलेशन उतरत्या छपराला लावलं असेल तर लॉफ्ट आत येतो आणि क्षेत्रफळ बदलतं. आर्किटेक्टला हे आधीच विचारा. पंखा लागल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

पायरी ४: दाबाचे शब्द

५० पास्कल म्हणजे पाण्याची सुमारे ५ मिलिमीटर उंची, किंवा ताशी ३३ किलोमीटरच्या वाऱ्याने समोरच्या भिंतीवर दिलेला दाब. अंगाला तो जाणवत नाही. हा आकडा निवडला कारण वाऱ्याचे लहानसहान झोत त्यात बुडून जातात आणि मोजमाप स्थिर राहतं. घर एरवी या दाबाला कधीच नसतं. म्हणून सॅपच्या हिशेबात, म्हणजे इंग्लंडमध्ये घराच्या ऊर्जेचा जो अधिकृत हिशेब होतो त्यात, ५० पास्कलचा आकडा आधी २० ने भागतात. आपल्या घराचे ४.० भागिले २० म्हणजे तासाला ०.२ वेळा हवाबदल. मग वारा आणि आडोशाच्या दुरुस्त्या होतात.

झीरो-फ्लो प्रेशर म्हणजे पंखा झाकून ठेवलेला असताना आत आणि बाहेर आपोआप असलेला दाबाचा फरक. तो चाचणीच्या आधी आणि नंतर मोजतात. आयएसओ ९९७२ प्रमाणे तो ५ पास्कलपेक्षा जास्त असेल तर चाचणी ग्राह्य नाही. सगळ्यात कमी दाबाचं वाचनही त्याच्यावर ठरतं: १० पास्कल किंवा झीरो-फ्लोच्या पाचपट, यातलं जे मोठं असेल ते. कडाक्याच्या थंडीत उंच इमारतीत हीटिंग चालू असेल तर हा फरक वाढतो. मानकाचा इशारा असा: आतल्या-बाहेरच्या तापमानाचा फरक गुणिले इमारतीची उंची २५० च्या वर गेली तर समाधानकारक वाचन मिळण्याची शक्यता कमी. दुमजली घराला हा प्रश्न सहसा येत नाही.

फ्लो एक्स्पोनंट, म्हणजे एन. दाब दुप्पट केला म्हणून गळती दुप्पट होत नाही. प्रवाह दाबाच्या ‘एन’ घाताप्रमाणे वाढतो, आणि हा एन ०.५ ते १.० च्या मध्ये असलाच पाहिजे. घरांत तो बहुधा ०.६ ते ०.७ येतो. मोठी मोकळी भोकं असली की ०.५ कडे झुकतो, आणि बारीक लांब भेगाच असल्या तर वर सरकतो. अहवालात एन ०.५१ दिसला तर कुठेतरी मोठं तोंड उघडं राहिलंय का ते तपासा. वाचनं एका रेघेत किती बसतात हे आर-स्क्वेअर सांगतो; तो ०.९८ च्या खाली गेला की चाचणी बाद. बऱ्याचदा कारण एवढंच असतं की अर्ध्यात एखादी चिकटपट्टी सुटली.

२०२२ पासून दुसरी पद्धतही मान्य आहे, पल्स. नॉटिंगहॅम विद्यापीठात विकसित झालेल्या या पद्धतीत टाकीतली दाबाखालची हवा काही क्षणांत घरात सोडतात आणि दाब कसा उतरतो ते बघतात. तिचा आकडा ४ पास्कलला असतो. म्हणून तक्त्यात एकाच मर्यादेचे दोन आकडे छापलेत: ५० पास्कलला ८.०, ४ पास्कलला १.५७. एन ०.६५ धरून ८.० चा हिशेब ४ पास्कलवर आणलात तर १.५५ च्या आसपास येतो, म्हणजे दोन्ही आकडे एकाच गोष्टीचे आहेत. प्रमाणपत्रावर १.२ दिसला आणि तुम्ही त्याला पासिव्हहाउसच्या, म्हणजे अतिशय हवाबंद घरांसाठीच्या कडक मानकाच्या, जवळचं घर समजलात, तर दाब वाचायचा राहिला.

पायरी ५: ‘बंद’ आणि ‘सीलबंद’ यातला फरक

चाचणीआधी घर तयार करतात. कोणती गोष्ट नुसती बंद करायची आणि कोणतीवर चिकटपट्टी चालते हेही व्याख्येचंच काम. आयएसओ ९९७२ तीन पद्धती सांगतं: घर वापरात असताना जसं असतं तसं, नुसतं कवच तपासायचं म्हणून तयार केलेलं, आणि त्या-त्या देशाच्या नियमासाठी ठरवलेलं. तेव्हा ‘आयएसओप्रमाणे चाचणी’ एवढं म्हणून भागत नाही, पद्धत कोणती ते सांगावं लागतं.

इंग्लंडमध्ये ढोबळ नियम सरळ आहे. मुद्दाम ठेवलेल्या व्हेंटिलेशनच्या वाटा, म्हणजे ट्रिकल व्हेंट, एक्झॉस्टची तोंडं, यांत्रिक यंत्रणेच्या जाळ्या, बंद करून सील करता येतात. बाहेरची दारं-खिडक्या फक्त लावायच्या, पट्टी लावायची नाही. लॉफ्टच्या झाकणाला, सॉकेटला, पाइपाभोवतीच्या भेगेला पट्टी लावली तर चाचणीचा अर्थच गेला, कारण तपासायचं तेच होतं. आतली दारं उघडी राहतील अशी अडकवून ठेवायची, नाहीतर मागच्या खोलीपर्यंत दाब पोचत नाही. शेगडीत विस्तव असेल तर चाचणी घ्यायची नाही; पंखा धूर आणि राख खोलीत ओढेल.

नव्या घरात कुणी राहत नसतं, त्यामुळे सिंक, बेसिन, शॉवरखालचे ट्रॅप, म्हणजे पाणी साचवून ड्रेनेजची हवा अडवणारे पाइपाचे वाक, कोरडे असतात. कोरड्या ट्रॅपमधून ड्रेनेजची हवा सरळ आत येते आणि आकडा फुगतो. सगळ्या मोऱ्यांत तांब्या-तांब्याभर पाणी ओता. ५० पास्कल म्हणजे पाण्याची ५ मिलिमीटर उंची हे वर आलंच. ट्रॅपमधलं पाणी ५० मिलिमीटर किंवा जास्त खोल असतं, त्यामुळे पंख्याच्या ओढीने ते हलत नाही.

आकडा हवा तसा आला नाही तर पंखा चालू ठेवूनच घरभर फिरा. किचनच्या खालच्या कपाटांची पायपट्टी काढा आणि तळहाताची मागची बाजू भिंतीजवळ धरा. गार झोत लगेच लागतो. बाथटबच्या बाजूचा पॅनल काढा. सांडपाण्याचा उभा पाइप ज्या पेटीत झाकलाय तिच्या तळाशी धुराची पेन्सिल धरा. जिप्सम बोर्ड गोंदाच्या ठिपक्यांवर चिकटवला असेल तर बोर्डामागे पोकळी राहते, आणि एका कोपऱ्यातून शिरलेली हवा भलत्याच भिंतीवरच्या स्विचमधून बाहेर पडते. अशा वेळी स्विच बुजवून उपयोग नाही, बोर्डाची कड बुजवावी लागते. ट्रॅप, पायपट्टी आणि पाइपाच्या पेट्या मी आधी बघतो, कारण या जागा किचन-बाथरूम बसवणाऱ्यांनी झाकून टाकलेल्या असतात आणि नंतर कुणी तिकडे फिरकत नाही.

पायरी ६: डिझाइन, मर्यादा आणि मोजलेला आकडा

एकाच एककात तीन वेगळे आकडे असतात.

डिझाइन एअर परमिएबिलिटी म्हणजे बांधकामाआधी डिझायनरने हिशेबासाठी धरलेला आकडा. लिमिटिंग म्हणजे कायद्याने चालवून घेतलेला सगळ्यात वाईट आकडा, ८.० (२०२२ आधी तो १० होता). आणि मोजलेला म्हणजे चाचणीत प्रत्यक्ष आलेला. बांधून झालेल्या घराचा अंतिम हिशेब त्याच्यावर होतो.

साइटवर ‘आठच्या आत आलं, पास झालं’ असं सर्रास म्हणतात. तेवढ्याने भागत नाही. घराच्या कार्बन आणि ऊर्जेचं उद्दिष्ट ज्या नमुना घरावरून ठरतं, त्या घरात एअर परमिएबिलिटी ५ धरलेली आहे. डिझाइनमध्ये ५ धरलेलं घर ६.२ ला मोजलं गेलं, तर मर्यादेच्या आत असूनही ऊर्जेच्या उद्दिष्टात नापास होऊ शकतं. मग एकतर भेगा बुजवायच्या, नाहीतर सोलर पॅनलसारखं काहीतरी वाढवून तूट भरायची. माझं ठाम मत, भेगाच बुजवाव्यात. गळकं घर राहणाऱ्याला वर्षानुवर्षं गार झोत देतं; छपरावरच्या पॅनलने तो थांबत नाही.

दुसरी अडचण उलट्या बाजूची, आणि नवख्यांना ती माहीतच नसते. डॉक्युमेंट एफ ‘हायली एअरटाइट’ घर वेगळं काढतं: डिझाइनचा आकडा ५ पेक्षा कमी, किंवा बांधून झाल्यावर मोजलेला ३ पेक्षा कमी. अशा घराला फक्त ट्रिकल व्हेंट आणि अधूनमधून चालणारे एक्झॉस्ट पुरेसे धरत नाहीत. समजा डिझायनरने ५ धरून नैसर्गिक व्हेंटिलेशन दिलं, कारागीर चांगले निघाले आणि घर २.८ ला मोजलं गेलं. एलच्या दृष्टीने उत्तम; एफच्या दृष्टीने व्हेंटिलेशनचा पुन्हा विचार करणं आलं. हा छळ वाटतो, पण तो राहणाऱ्याच्या हिताचा आहे. भेगा बुजल्या की आंघोळीची, स्वयंपाकाची, वाळत घातलेल्या कपड्यांची वाफ कोपऱ्यात जमते आणि काळी बुरशी धरते. आपल्याकडच्या फोडणीच्या स्वयंपाकात तर ही वाफ चांगलीच असते. तेव्हा तीनच्या खाली जाण्याची शक्यता दिसत असेल तर सतत चालणारं यांत्रिक व्हेंटिलेशन डिझाइनमध्ये सुरुवातीलाच घ्या. प्लास्टर झाल्यावर डक्ट घालायला जागा उरत नाही.

पायरी ७: दुसऱ्या देशाचा आकडा इकडे आणताना

अमेरिकेत राहणारा भाऊ ‘आमच्याकडे तीन लागतो’ म्हणाला, तर तो तीन वेगळा. तिथे एसीएच५० चालतो: ५० पास्कलला तासात घरातली हवा किती वेळा बदलली. भाजक क्षेत्रफळ नाही, घनफळ. तिथल्या नमुना ऊर्जा संहितेच्या २०१२ च्या आवृत्तीत हवामान विभाग १ आणि २ साठी ५, आणि ३ ते ८ साठी ३ अशी मर्यादा होती. राज्यं त्यात आपापले बदल करतात.

आपल्या ओळीतल्या घराचं आतलं घनफळ ५४ × २.४ × २, म्हणजे २५९.२ घनमीटर. १,०३२ भागिले २५९.२ म्हणजे जवळपास ४.०. योगायोगाने दोन्ही आकडे जुळले, आणि त्यामुळेच लोकांना दोन्ही एकच वाटतात. फ्लॅट घेऊन बघा: ७२० भागिले १२९.६ म्हणजे ५.६. इंग्लंडच्या मापाने दोन्ही घरं ४.०, अमेरिकेच्या मापाने फ्लॅट बराच गळका. छोट्या घरात घनफळाच्या मानाने भिंती जास्त असतात, एवढंच त्याचं कारण. पासिव्हहाउसची ०.६ ची मर्यादाही घनफळावरची आहे.

अमेरिकेत घनफळाची व्याख्याही बघावी लागते. तिथल्या रेझनेट ३८० या मानकात बेसमेंटचं दार चाचणीच्या वेळी उघडं असेल तर बेसमेंटचं घनफळ हिशेबात येतं. न्यू जर्सीत बेसमेंट असलेल्या घरात राहणाऱ्यांनी प्रमाणपत्र बघताना हे एक दार नक्की विचारावं. तयारीतही फरक आहे: अधूनमधून चालणाऱ्या पंख्याचं झडप नसलेलं तोंड तिथे उघडं ठेवतात.

काही अहवालांत गळतीऐवजी भोकाचं क्षेत्रफळ असतं, म्हणजे सगळ्या भेगा एकत्र केल्या तर केवढं भोक होईल. कल्पना लगेच डोळ्यांसमोर येते, पण तुलना करायची तर याच्याइतकी फसवी संज्ञा नाही. अमेरिकेत हे ४ पास्कलला काढतात, एन ०.६५ धरला तर आपल्या घराचं साधारण २१५ चौरस सेंटिमीटर येतं. कॅनडात १० पास्कलला आणि भोकातून हवा आकसून जाते हे धरून काढतात. त्याच घराचं ४०० च्या वर जातं. घर तेच आणि भेगाही त्याच.

पायरी ८: प्रमाणपत्र हातात आल्यावर

आधी पत्ता आणि फ्लॅटचा नंबर जुळवा; मोठ्या साइटवर इथेच घोटाळे होतात. मग दाब ५० आहे की ४, ते. मग कवचाचं क्षेत्रफळ शोधा आणि वरच्या पद्धतीने नकाशावरून स्वतः काढा. दोन-तीन टक्क्यांचा फरक समजण्यासारखा, दहा टक्क्यांचा नाही. मोजलेला प्रवाह त्या क्षेत्रफळाने स्वतः भागून बघा. एन, आर-स्क्वेअर, झीरो-फ्लो वाचनं आहेत का ते बघा. काय-काय सील केलं त्याची यादी वाचा. त्यात लॉफ्टचं झाकण किंवा एखादं दार दिसलं तर तिथेच थांबा. टेस्टर मान्य योजनेत नोंदलेला आहे का हेही पाहून घ्या.

क्षेत्रफळाचा तपशील जोडलेला नसेल तर मागून घ्या. नोंदणीकृत टेस्टरकडे तो असतोच, कारण त्याशिवाय त्याला आकडा काढताच आला नसता. तो मिळाला की एनर्जी असेसरने सॅपमध्ये भरलेला आकडा आणि हा आकडा एकच आहेत ना ते ताडून बघा. अनेकदा हिशेबात अजून डिझाइनचाच आकडा पडून असतो, आणि तो बदलून घेतल्याशिवाय फाइल पुढे पाठवू नका.